डोळ्यातला बुडबुडा

माशाच होत्या असं मला अजूनही वाटतं. डॉक्टरीणबाईंनी नंतर चित्र काढून समजावलं की बाहेर काही नव्हतं, डोळ्याच्या आत रक्ताचे बारीक कण तरंगत होते. असतील. पण त्या सकाळी तळघरात चीजचे गोल मिठाच्या पाण्यानं पुसताना उजव्या डोळ्यापुढे जे काळं काळं फिरत होतं, ते मी फडक्यानं हाकलत होते. फडकं मारलं की ते बाजूला व्हायचं आणि लगेच परत यायचं. माशी तरी याहून वेगळं काय करते?

“लुर्देस, जाळीचं दार उघडं टाकलंस,” मी सुनेला म्हटलं. “माशा शिरल्यात.”

“इथे एक माशी नाही, आई.”

“मग मी काय हवेशी मारामारी करतेय?”

“करताय खऱ्या.”

लुर्देस पोर्तुगालची. आमच्या दरीतल्या हॉटेलात लाँड्रीच्या कामाला आली आणि माझ्या ग्रातियाँनं तिला घरी आणली. बोलते कमी, पण जे बोलते ते इस्त्री करून समोर ठेवल्यासारखं सपाट. या घरात मला उलट उत्तर देणारी ती एकटीच. माझा नवरा जन्मभर बोलला नाही आणि मेला तोही न बोलता. ग्रातियाँ बापावर गेला आहे.

संध्याकाळी त्याच डोळ्याच्या कोपऱ्यात विजा चमकायला लागल्या. खिडकीतून पाहिलं तर आभाळ धुतलेलं. मग नाकाच्या बाजूनं एक सावली आली. मला वाटलं दिव्याचं झाकण वाकडं झालंय. ग्रातियाँला ते सरळ करायला लावलं, त्यानं केलं, सावली तिथेच. दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा त्याला एकच खांदा होता.

डावा डोळा माझा आधीच कामातून गेलेला. त्याचा मधला भाग झिजला, सुया टोचून झाल्या, काही उपयोग नाही. त्या डोळ्यानं माणसाकडे पाहिलं की कान दिसतात आणि तोंडाच्या जागी धूर. सगळा भार उजव्यावर. तरी मी कुणाला काही बोलले नाही. बोलले की ही दोघं मला खालच्या घरी बसवणार, आणि गाई वरच्या कुरणावर चढवायचा दिवस तोंडावर आलेला.

लुर्देसनं भांडी घासता घासता हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “डावा डोळा झाका. माझी बोटं किती?”

“तुझा हात कुठे आहे?” मी विचारलं.

तिनं ग्रातियाँला गाडी काढायला सांगितलं.

सरोवराकाठच्या मोठ्या शहरात डोळ्यांचं इस्पितळ आहे, तिथे गेलो. डॉक्टर रेगली म्हणून बाई. तरुण आहे, पण आवाज कोरडा, लाडीगोडी नाही. मला तेवढं बरं वाटलं. तिनं डोळ्यात औषध टाकलं, हनुवटी एका पट्टीवर ठेवायला लावली आणि इतका उजेड आत सोडला की माझ्या डोक्याच्या मागच्या भिंतीवर तिला काय दिसलं असेल कोण जाणे.

“पडदा सुटलाय, मादाम प्रालोंग,” ती म्हणाली. “ओल धरली की भिंतीवरचा कागद सुटतो ना, तसा. मधला भाग अजून धरून आहे. तो सुटायच्या आत चिकटवायला हवा. उद्या सकाळी.”

“आमच्या भिंती लाकडाच्या असतात. आम्ही कागद लावत नाही.”

“डोळ्याला लावलेला असतो,” ती म्हणाली.

मला झोपवलं नाही. सुई देऊन डोळा तेवढा बधिर केला. कुणी म्हणालं होतं काही दिसणार नाही. दिसलं. तळ्याच्या तळाशी उताणं पडून वर पाहावं तसं. वरून दोन काळ्या काटक्या आल्या आणि माझ्याच पाण्यात ढवळायला लागल्या. एक पांढरी चिंधी लहरत गेली. मग सगळं पाणी एका बाजूनं उतरत गेलं आणि मागे रुपेरी काहीतरी उरलं, त्याला आकार नव्हता. मी विचारलं, “हे मी बघतेय की मला दाखवताय?” कुणीतरी म्हणालं, “मादाम, बोलू नका, डोकं हलतं.” माझ्या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आतला चिकट द्रव काढून त्याच्या जागी वायूचा बुडबुडा भरलाय. बुडबुडा नेहमी वर चढतो. मी तोंड जमिनीकडे ठेवलं की तो मागे पडद्यावर जाऊन बसणार आणि त्याला दाबून धरणार. जेवताना, झोपताना, चालताना, मान खाली. पडदा धरेपर्यंत.

आता हे मला सांगायचं. सासूपुढे मी मान खाली घातली नाही. पाद्रीबाबांनी एकदा भर चर्चमध्ये माझ्या भावाला नाव घेऊन पापी म्हटलं, तेव्हा सगळी बाकं खाली बघत होती आणि मी सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पण डोळा एकच उरलाय म्हटल्यावर घातली. घातली ती अशी घातली की पुढचं सगळं बोलणं मी त्या बाईच्या बुटांशीच केलं. चांगले बूट होते, तपकिरी.

“विमानात बसायचं नाही,” बूट म्हणाले. “डोंगरावर जायचं नाही. उंचीवर हा बुडबुडा फुगतो. राहता कुठे?”

“खाली. रोन नदीकडेच्या द्राक्षमळ्यांजवळ.”

“बरं. मग हरकत नाही.”

खोटं नव्हतं ते. तिच्या कागदांवर तोच पत्ता होता, आमचं टपाल तिथेच येतं. पण आमच्या दरीतल्या माणसाला राहता कुठे असं विचारलं तर त्यानं आधी महिना विचारायचा असतो. थंडीत खालच्या घरी, वेलींची छाटणी. बर्फ वितळलं की मधल्या गावात. गवत वाढलं की गाईंबरोबर वर कुरणावर, दगडी झोपडीत. तिन्ही घरं आमचीच, तिन्हीकडे चुली, तिन्हीकडे माझी झोपायची जागा. यातलं डोंगरावरचं कुठलं, हे माझ्या आजीलाही सांगता आलं नसतं. डोंगर म्हणजे दोर बांधून लोक चढतात ते, आणि वर जाऊन फोटो काढतात. फुगण्याचं म्हणाल तर मला वाटलं, दमल्यावर फुगतो. चढताना माणूस फुगतोच.

मनगटावर एक हिरवी पट्टी बांधून त्यांनी मला सोडलं. आमच्या गाईंच्या कानात बिल्ला असतो तशी. पट्टीवर इस्पितळाचा फोन नंबर होता.

खालच्या घरी मी टेबलावर उशी घेऊन, उशीत कपाळ खुपसून बसले. लुर्देस नळीनं सूप पाजायची. डोळ्यानं काय दिसत होतं ते सांगणं अवघड आहे. जाड काचेच्या पेल्याच्या बुडातून पाहावं, आणि पेल्यात काहीतरी डुचमळत असावं, तसं काहीसं. ते डुचमळणं म्हणजे फरशी, की माझा पाय, की बुडबुडा, हे कळत नव्हतं. एकदा मी मांजराला लाथ मारली, तर ती ग्रातियाँची टोपी निघाली. एकदा टोपी उचलायला गेले तर ती ओरडली.

आणि तेवढ्यात कुरणावर चढायचा दिवस आला.

त्या दिवशी दरीतल्या सगळ्या घरांचे कळप वर एका जागी सोडतात. आमच्या एरांस जातीच्या काळ्या गाई बुटक्या आणि मानेला जाड. अनोळखी गाय समोर आली की शिंगाला शिंग लावल्याशिवाय राहत नाहीत. कुणी त्यांना शिकवत नाही. जी सगळ्यांना मागे रेटते ती त्या उन्हाळ्यापुरती राणी. कुरणावर पुढे ती चालणार. माझी तांपेत, म्हणजे वादळ, या वर्षी राणी होणार हे मी हिवाळ्यातच ओळखलं होतं. आई मेलेली ती वासरी मी बाटलीनं दूध पाजून वाढवली. आमच्या घरात राणी आली होती ती माझ्या सासऱ्याच्या वेळी, त्यानंतर दर वर्षी शेजारच्या इलेरकडेच.

“तुम्ही नाही येणार वर,” लुर्देस म्हणाली. “डॉक्टरांनी डोंगर नको म्हटलंय.”

“चालत कुठे येतेय मी? गाडीत बसून येते. मान खाली घालून. इथे खाली घालते ती तिथे घालीन.”

“फोन करून विचारते.”

“सुट्टीच्या दिवशी त्या बाईच्या मागे लागू नकोस. तीही माणूस आहे.”

“काही दिसणार नाही तुम्हाला.”

“ऐकू येईल,” मी म्हटलं. “शिंगं लागलेली मला ऐकून कळतात. कुणाची मागे सरली तेही.”

तिनं खांदे उडवले असावेत. मला तिच्या चपला दिसत होत्या, त्या काही वेळ तिथेच थांबल्या. मग किल्ल्यांचा आवाज झाला. ग्रातियाँ पहाटेच गाईंबरोबर निघून गेला होता, नाहीतर त्याला विचारायला सांगितलं असतं आणि तो ‘आई म्हणेल तसं’ म्हणाला असता.

मागच्या सीटवर मी गुडघ्यांवर उशी घेतली आणि उशीत तोंड. सांगते, त्या प्रवासात मी एकदाही डोकं वर केलं नाही. जो नियम मला कळला होता तो मी इतका पाळला की डॉक्टरीणबाईंनी मला बक्षीस द्यावं. रस्ता माझ्या अंगाला पाठ आहे. इथे पूल, इथे उजवीकडे फेकतो तो वळसा, इथे बोगदा, कानात दडा बसतो ते वळण. मधल्या गावापाशी डोळ्यात थोडं जड वाटायला लागलं. कुणीतरी आतून अंगठा लावून धरल्यासारखं. मला वाटलं उशी टोचते.

गावाच्या वर अंगठ्याची मूठ झाली.

“गाडी चालवतेस की कपडे पिळतेस?” मी म्हटलं.

“हळूच चालवतेय, आई. बरं नाही वाटत का?”

“तुझ्या वळणांनी कुणाला बरं वाटेल?”

गाडी आणखी हळू झाली. मी दात आवळले. माझ्या मनात असं होतं की हे मान खाली घातल्यानं होतंय. आणि असंही होतं की नाही, मान नीट खाली घातली नाही म्हणून होतंय. दोन्ही एकाच वेळी. मी कपाळ आणखी आत खुपसलं.

वर पोचलो तेव्हा घंटा ऐकू आल्या. शे-दीडशे गाई एका ठिकाणी श्वास घेतात तेव्हा जमिनीतून जी ऊब येते ती आली. तुडवलेलं गवत, शेण, कुणीतरी जाळावर वितळवलेलं चीज. लुर्देसनं मला दंडाला धरून उतरवलं आणि कुंपणाशी नेलं. डोक्यात घण पडत होते, पण मी आले होते.

“काय फिलोमेन,” इलेरचा आवाज आला. साठी उलटली तरी कोंबड्यासारखा बोलतो. “मान खाली? अजून झुंज सुरू पण नाही झाली, आत्तापासूनच?”

“तुझे बूट बघतेय, इलेर. बायको गेल्यापासून धुतले नाहीस वाटतं.”

लोक हसले. इलेरही हसला. तेवढ्यानं मला जोर आला आणि मी डोकं वर केलं. एकदाच. तांपेत कुठे उभी आहे ते निदान अंधुक कळावं म्हणून. उजव्या डोळ्यात काळं होतं. राखाडी नाही, डुचमळणारं नाही, काळं. डाव्याच्या कडेला कुठेतरी हिरवं होतं, पण डाव्याचं मी कधीच धरत नाही.

“ढग आले का रे?” मी विचारलं. “एकदम अंधारून आलं.”

इलेरनं उत्तर दिलं नाही. त्या माणसाला गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. घंटा तेवढ्या वाजत होत्या.

लुर्देसनं माझं मनगट पकडलं आणि पट्टी फिरवून आकडे वाचले. ती फोनवर बोलत होती ते मला तुटक ऐकू आलं. हो, वायू. हो, वर. नाही, गाडीनं. मग ती बराच वेळ फक्त ऐकत होती.

“खाली जायचंय,” ती म्हणाली. “आत्ता. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो म्हणून बुडबुडा आत मोठा झालाय. डोळ्याला जाणारं रक्त त्यानं अडवलंय. जितका वेळ जाईल तितकं वाईट.”

“झुंज झाली की निघू.”

“आई,” ती म्हणाली, “ऊन तुमच्या तोंडावर आहे.”

मी हात वर केला. गाल गरम होता. कपाळ गरम होतं. त्या उन्हात मी उभी होते आणि मला ते दिसत नव्हतं. इतका वेळ मला वाटत होतं की मी काहीतरी बघतेय.

“गाडी कुठे आहे?” मी म्हटलं.

ग्रातियाँ धावत आला. त्याच्या हातात तांपेतच्या गळ्याची साखळी असणार, वाजत होती. “आई, हिला सोडू का? तू नाहीस तर… सोडू की नको?”

“सोड,” मी म्हटलं. “ती काय माझ्या डोळ्यांनी लढणार आहे?”

गाडीचं दार लागलं तेव्हा मागे कुठेतरी शिंगं लागल्याचा तो जाड आवाज आला. माझी की दुसऱ्या कुणाची, ते मला कळलं नाही. मी म्हणत होते ऐकून कळतं. नाही कळलं.

उतरताना मी परत मान खाली घातली. मूठ होती ती कितीतरी वळणं तशीच होती. मग बोगद्यात दडा सुटला आणि मूठ सैल झाल्यासारखं वाटलं. झाली, की मला तसं व्हावंसं वाटत होतं म्हणून वाटलं, सांगता येत नाही. पुलापाशी काळ्यात एक घाणेरडा राखाडी डाग उगवला. मी त्याच्याकडे बघत राहिले. इतकी घाण कौतुकानं मी कधी पाहिली नसेल.

इस्पितळात डॉक्टरीणबाई घरून आल्या होत्या. बूट वेगळे होते. त्यांनी थेंब टाकले, गोळी दिली, आणि बारीक सुईनं आतला थोडा वायू काढून घेतला.

“कुठे होतात तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“घरी.”

“घर किती उंचीवर आहे?”

“कोणतं?” मी म्हटलं.

मग लुर्देसनं त्यांना तिन्ही घरं सांगितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पुढे त्या प्रत्येक पेशंटला घरं किती आहेत तेही विचारतील. चिडून म्हणाल्या की खरंच, मला कळलं नाही. बूट स्थिर होते.

मग मी खालच्या घरीच राहिले, द्राक्षं हिरवी होती तोपर्यंत आणि पुढेही. बुडबुडा रोज थोडा लहान व्हायचा. वरून उजेडाची एक पट्टी उतरली, तिच्या खाली पाण्याची रेघ हलायची. पट्टीत आधी छत दिसलं, मग लुर्देसचे केस, मग कपाळ. खालचं सगळं अजून बुडालेलं. ती बोलायची तेव्हा आवाज पाण्याखालून येतोय असं वाटायचं.

तांपेतचं काय झालं ते मी सगळ्यांना विचारलं. ग्रातियाँ म्हणाला, तिनं इलेरच्या गाईला, बारोनला, दोनदा रेटलं आणि मग स्वतःच बाजूला जाऊन गवत खायला लागली. इलेर म्हणाला, पळाली. चीजवाला म्हणाला, बारोनचा पाय घसरला, निकालच लागला नाही, राणी तिसरीच कुणी झाली. चर्चचा घंटाकरी म्हणाला, तांपेतच जिंकली, पण पंचांनी पाहिलं नाही. डोळे शाबूत असलेली माणसं ही सगळी.

बुडबुडा शेवटी वाटाण्याएवढा होऊन एका सकाळी नाहीसा झाला. तपासायला गेलो. भिंतीवर अक्षरं लावली होती. वरच्या मोठ्या ओळी मी वाचल्या. खालच्या वाकल्या. दाराची चौकटही मधे वाकलेली दिसली, कुणी कंबरेत धरून पिळल्यासारखी.

“पडदा जागेवर बसलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता त्यांचं तोंड दिसत होतं. मला वाटलं होतं त्याहून वय जास्त होतं. “ती वाकडी रेघ राहील बहुतेक. बाकी हे जेवढं आहे तेवढं टिकेल.”

“वर गेले म्हणून वाकली का? की तशीही वाकलीच असती?”

“सांगता येणार नाही.”

“तुम्ही आत बघितलंय.”

“बघितलंय,” त्या म्हणाल्या. “तरी सांगता येत नाही. दोन्ही होऊ शकतं.”

इतकं शिकून बाईला सांगता येत नाही. मला राग यायला हवा होता. त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, तेही मधे जरा वाकडं होतं, आणि राग कुठे धरावा ते सापडेना.

परत येताना गाडीत मी लुर्देसला विचारलं, “तुला काय वाटतं? उंचीनं गेलं?”

“मला काय माहीत, आई. मी लाँड्रीत काम करते.”

“तुझं मत विचारतेय.”

“माझं मत, तुम्ही त्या दिवशी मला फोन करू द्यायला हवा होता.”

“ते मी विचारलं नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

दरीच्या तोंडाशी रस्ता फुटतो, एक खालच्या घराकडे, एक वर. तिथे तिनं गाडी बाजूला थांबवली. वर गाई अजून कुरणावर होत्या, त्यांचे उतरायचे दिवस जवळ आले होते. ग्रातियाँ तिथेच होता. दुरून डोंगर दिसत होते, कडांना पांढरे, आणि मधोमध एक भाग जिथे उतार मोडून परत जोडल्यासारखा. तसा तो पहिल्यापासून होता का, मला आठवेना.

“वर की खाली?” लुर्देसनं विचारलं.

“त्या बाईला फोन करून विचार,” मी म्हटलं, “जाऊ का म्हणून.”

“तिथेच विचारलं मी. बुडबुडा गेला, आता कुठेही जा म्हणाल्या. तुमच्यासमोरच म्हणाल्या.”

“परत विचार.”

लुर्देसनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पर्स उघडली आणि फोन शोधायला लागली. मी मान सरळ ठेवून समोर बघत बसले. पलीकडे फोन वाजत होता. कुणी उचलत नव्हतं, आणि आम्ही दोघी गाडी बंद करून वाट बघत होतो.